इनेझच्या वाटणीचा काळोख

भुईगावात इनेझ तुस्कानोला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि तिच्याशी एकदा तरी वाजलेलं नाही असा सापडणं त्याहून कठीण. नाला बुजवणाऱ्या डंपरसमोर ती उभी राहिली आहे. वाडीच्या कडेला प्लास्टिक जाळणाऱ्याला तिने भर रस्त्यात सुनावलं आहे, आणि तो माणूस तिचा चुलतभाऊ होता. गावं आणि झाडं वाचवायला वसईत मोर्चे निघाले तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. त्या वेळी सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. पुढे तिने काळोख वाचवायला तोंड उघडलं, तेव्हा त्याच लोकांनी बाईला वेड लागलं असं ठरवून टाकलं. झाडासाठी भांडलेलं चालतं, आभाळासाठी भांडलेलं चालत नाही, हा न्याय कुणी केला ते तिला आजवर कळलेलं नाही.

काळोखाशी तिचं जुनं नातं. माहेर सांडोरचं, घरात आठ भावंडं, एका खोलीत चौघी बहिणी. मॅट्रिक झाल्यावर ती पारनाक्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागली आणि मालकाने तिला डार्करूममध्ये ढकललं, कारण तिथे बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. औषधांचा वास, मिणमिणता लाल दिवा आणि बंद दार. बाकीच्या मुली पाच मिनिटांत गुदमरून बाहेर यायच्या. इनेझला मात्र जन्मात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली होती. अर्ध्या तालुक्याची लग्नं तिच्या हाताखालच्या ट्रेमध्ये उमटली. पांढऱ्या कागदावर आधी नवरीचे डोळे यायचे, मग फुलांचा गुच्छ, मग पाव्हण्यांचे सूट. कुणी चुकून दार किलकिलं केलं की सगळं काळं पडायचं. मग इनेझचा आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. मालकसुद्धा दार वाजवून, परवानगी मागून आत येत असे.

लग्न होऊन ती भुईगावात आली. नवरा ऑगस्टीन केळी आणि तोंडलीची वाडी करणारा, सरळमार्गी माणूस. कुणाशी भांडण नाही, कुणाचं देणं-घेणं नाही. त्याने तिला नोकरी सोड म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. पुढे फिल्म गेली, डिजिटल आलं, आणि एक दिवस मालकाने डार्करूममध्ये फ्रेमांचे खोके रचून ठेवले. इनेझ त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडली. एवढी ती वडील गेले तेव्हाही रडली नव्हती, असं ऑगस्टीन सांगतो.

त्यानंतर सासू अंथरुणाला खिळली. व्हेरोनिका तुस्कानो म्हणजे एकेकाळी डोक्यावर भाजीची टोपली घेऊन अख्खं वसई गाव पालथं घालणारी बाई. अर्धं अंग लुळं पडलं आणि सगळं इनेझच्या अंगावर आलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, शिव्या खाणं. सासूचा धाकटा मुलगा, इनेझचा दीर क्लेमेंट, कुवेतला. तो दर रविवारी फोन करायचा आणि नाताळला चॉकलेटं घेऊन यायचा. सासूला घरात कोंडल्यासारखं होई, म्हणून संध्याकाळची जेवणं झाली की इनेझ आणि ऑगस्टीन तिची खाट अंगणात काढत. सासूचा डोळा लागेपर्यंत इनेझ शेजारी बसून राही. मोबाईल बघायचा तिला कंटाळा, मग ती वर बघत बसे.

अशाच एका थंडीतल्या संध्याकाळी तिने कृत्तिका पाहिल्या. म्हणजे त्या तिने आधीही पाहिल्या असतीलच, पण त्या दिवशी हाताशी क्लेमेंटने कुवेतहून आणलेली दुर्बीण होती. ऑगस्टीन तिच्यातून मैदानावरची फुटबॉलची मॅच बघायचा. इनेझने ती सहज वर धरली. सहा-सात ताऱ्यांच्या जागी तिथे मूठभर, ओंजळभर तारे सांडलेले दिसले. ती मोठ्याने हसली.

"काय गो?" खाटेवरून सासूने विचारलं.

"तारे, आई. ढीगभर आहेत."

"असूंदेत. मोजत बसू नको, पानी दे."

इनेझने पाणी दिलं आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. त्या दिवसापासून ती या नादाला लागली ती लागलीच.

नाद म्हणजे नुसतं बघणं नव्हे. डार्करूमची बाई ती, डोळ्यांनी बघून तिचं समाधान कसं व्हायचं. जुन्या मालकाकडून तिने एक वापरलेला कॅमेरा घेतला. पहिल्या फोटोत कृत्तिकांच्या रेघोट्या आल्या, कारण तारे सरकतात आणि कॅमेरा आपला जागच्या जागी. मग ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारं एक लहानसं यंत्र मागवलं. मग कळलं की एक फोटो घेऊन भागत नाही. पुष्कळ घ्यायचे, कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, म्हणजे आभाळाचा पिवळट गढूळपणा वजा करता येतो आणि तारे वर येतात. हे सगळं ती साठीच्या उंबरठ्यावर शिकली, वैतागत, लॅपटॉपला शिव्या देत. पण रोहिणीभोवतीचा गुच्छ तिने मिळवला. ययातीतला जोडगुच्छ मिळवला, दोन शेजारणी दारात उभ्या राहाव्यात तसे ते दोघे. पुष्य नक्षत्रातलं मधमाश्यांचं पोळं मिळवलं. पडद्यावर तारे हळूहळू उमटायला लागले की तिला ट्रेमधल्या कागदाची आठवण येई आणि ती ऑगस्टीनला हाक मारून बोलावी. तो बिचारा चष्मा पुसत येई आणि "छान आहे," म्हणे. त्याचं "छान" सगळ्यांना सारखंच असे.

एकच राहिला होता. नरतुरंगातला गोल गुच्छ, ज्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतात. लाखो ताऱ्यांचा घट्ट वळलेला लाडू. तो दक्षिणेला, आभाळाच्या अगदी खालच्या अंगाला असतो आणि उन्हाळ्यातच संध्याकाळनंतर बऱ्यापैकी वर येतो. चित्रा सापडली की तिच्यापासून सरळ खाली उतरत जायचं. पण भुईगावच्या दक्षिणेला काय आहे? वसईचा किल्ला, खाडी, आणि खाडीपलीकडे अख्खी मुंबई दिवे लावून बसलेली. दर उन्हाळ्यात इनेझ कॅमेरा तिकडे रोखायची आणि दर उन्हाळ्यात तिच्या हाती पिवळं वरण यायचं. तरी तिची आशा सुटली नव्हती. वाऱ्याने हवा धुतलेली एखादी संध्याकाळ मिळाली तर जमेल, असा तिचा हिशेब होता. तिच्यासारखे नाद असलेल्या काही जणांनी सांगितलं, जव्हारला चला, तिथे आभाळ काळंभोर आहे. ती एकदा गेलीही. गुच्छ दिसला, सगळ्यांनी फोटो काढले. इनेझने कॅमेरा बॅगेतून बाहेरच काढला नाही.

"एवढ्या लांब येऊन?" कुणीतरी विचारलं.

"हा तुमच्याकडचा," ती म्हणाली. "मला माझ्या वाडीवरचा पाहिजे."

त्यात शहाणपण नव्हतं, हट्ट होता. आणि इनेझचा हट्ट म्हणजे काय ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

वाडीच्या दक्षिणेला, कुंपणापलीकडे तीन वाटा मिळतात तिथे गावाचा क्रूस आहे. चुन्याने रंगवलेला, जुना, पायथ्याशी दगडी ओटा. सासू वारल्यावर चार वर्षांनी क्लेमेंट कुवेतहून कायमचा परत आला, त्याने शेजारी बंगला बांधला, आणि आईच्या नावाने काहीतरी करायचं त्याच्या मनात आलं. त्याने क्रूसाजवळ एक उंच लोखंडी खांब उभा केला आणि त्यावर चारी दिशांना तोंड केलेले चार फ्लडलाईट बसवले. खाली संगमरवरी पाटी लावली: व्हेरोनिका तुस्कानो यांच्या स्मरणार्थ, पुत्र क्लेमेंट यांजकडून.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी दिवे लावून बघितले गेले. इनेझ तेव्हा स्वयंपाकघरात होती. खिडकीबाहेर केळीच्या पानांना अचानक लख्ख उजेड चढला आणि पानांच्या सावल्या भिंतीवर हलायला लागल्या. ती तशीच हात न धुता अंगणात आली. दक्षिणेला काहीच उरलं नव्हतं. पांढरा, डोळे दिपवणारा झोत, आणि त्याच्या वर राखाडी धुकं. आपल्या डार्करूमचं दार कुणीतरी उघडलं आणि उघडंच ठेवून निघून गेलं, असं तिला झालं. तिचा नुसता संताप संताप झाला.

दुसऱ्या दिवशी ती क्लेमेंटकडे गेली. भांडायला नाही. ऑगस्टीनने सकाळपासून तिच्यामागे लकडा लावला होता की बाय, भाऊ आहे माझा, आईच्या नावाचं काम आहे, गोडीने बोल. ती गोडीने बोलली.

"क्लेमेंट, दिवा लाव. वाटेवर उजेड पाहिजेच, पोरी कामावरून उशिरा येतात, पावसाळ्यात साप निघतात. पण दिव्यांची तोंडं खाली कर आणि वरून पत्र्याची टोपी बसव. उजेड वाटेवर पडेल, आभाळात नाही. टोप्या मी करून आणते."

क्लेमेंट हसला. वाईट माणूस नव्हता तो. पण कुवेतला त्याने रात्रीचा दिवस केलेले रस्ते पाहिले होते आणि भुईगावच्या अंधाराची त्याला लाज वाटत असे.

"वहिनी, आईच्या नावाच्या दिव्याला मी पत्र्याचं डबडं घालू? लोक काय म्हणतील? अर्नाळ्यापासून दिसला पाहिजे उजेड."

"अर्नाळ्याच्या लोकांना त्यांचे दिवे आहेत."

"तुमच्या फोटोसाठी गावाने अंधारात राहायचं?"

"गावाने नाही. आभाळाने."

यावर तो परत हसला, आणि त्याने चहा मागवला. इनेझने तो घेतला नाही.

तिने क्रूसाच्या मंडळापुढेही विषय काढला. तिथे तर करमणूकच झाली. एकाने विचारलं, तारे पळून जाणार आहेत का. दुसरा म्हणाला, बाईला टेलिस्कोपमधून देव दिसतो, आपल्याला क्रूसावर दिसतो. हशा पिकला. ऑगस्टीन मान खाली घालून बसला होता. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "झालं ना आता? सोड." इनेझ काही बोलली नाही. ती गप्प बसली की ऑगस्टीनला ती भांडते त्यापेक्षा जास्त भीती वाटते.

आता क्रूसाच्या नोव्हेनाची रीत सांगायला हवी. मेमध्ये क्रूसाचा सण. त्याआधी नऊ संध्याकाळी सगळे क्रूसाजवळ जमतात. रोझरी म्हणजे माळेची प्रार्थना होते, लितानी म्हणजे संतांच्या नावांचा जप होतो, शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटतात. प्रत्येक संध्याकाळ एका घराची पाळी. ज्या घराची पाळी, त्या घराने क्रूस धुवायचा, हार घालायचे, मेणबत्त्या लावायच्या, प्रार्थना चालवायची. त्या संध्याकाळी क्रूसाजवळ त्या घराचा शब्द चालतो, मग ते घर कितीही लहान असो. हे सगळं सामान एका वेताच्या टोपलीत असतं: मेणबत्त्यांचे पितळी स्टँड, घंटा, प्रार्थनेची पुस्तकं. प्रार्थना संपली की टोपली दुसऱ्या दिवशीच्या घरी जाते. आणि नवव्या, शेवटच्या घरी मात्र ती वर्षभर राहते. त्या घराने मग पुढच्या मेपर्यंत क्रूस झाडायचा, पितळ घासायचं, शनिवारी मेणबत्ती लावायची. त्यामुळे शेवटची पाळी म्हणजे सगळ्यांना नकोशी. पाळ्या फिरत्या असल्याने ती प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतेच, आणि ज्याच्या वाट्याला येते तो वर्षभर कुरकुरतो.

पहिल्या संध्याकाळी दिव्याचं उद्घाटन झालं. फादरांनी आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. दिव्याची कळ खांबाच्या बुंध्याशी पत्र्याच्या पेटीत होती आणि पेटीला कुलूप. क्लेमेंटने दिवा लावला, पेटी बंद केली आणि किल्ली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ही किल्ली मी घरी नेणार नाही," तो म्हणाला. तो हे मनापासून बोलत होता. "दिवा आता क्रूसाचा आहे. किल्ली क्रूसाच्या टोपलीतच राहील. ज्याची पाळी, त्याच्या हाती."

टाळ्या पडल्या. त्याने किल्ली टोपलीत टाकली. इनेझ मागे, शेजारच्या घरातल्या तेरेसा मावशीजवळ उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तिचे डोळे टोपलीवरून हलले नाहीत.

चौथी पाळी तुस्कानोंच्या थोरल्या घराची, म्हणजे इनेझची. लोक जमले तेव्हा क्रूस धुतलेला होता, मोगऱ्याचे हार होते, ओट्यावर मेणबत्त्यांच्या रांगा होत्या आणि खांबावरचा दिवा बंद होता. आधी सगळ्यांना वाटलं लाईट गेली. मग घराघरांतल्या उजळलेल्या खिडक्या दिसल्या आणि कुजबुज सुरू झाली. क्लेमेंट तरातरा पुढे आला.

"वहिनी, दिवा लावायचा राहिला."

"राहिला नाही. माझी पाळी आहे. आज मेणबत्त्या."

"आईच्या दिव्याचा अपमान करताय तुम्ही. सगळ्या गावासमोर."

इनेझने हातातली काडेपेटी ओट्यावर ठेवली. तिला खरं तर प्रार्थनेआधी भांडायचं नव्हतं, पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं.

"आईचं नाव तू दगडावर कोरलंस, चांगलं केलंस. पण आई माझ्या हातावर गेली, क्लेमेंट. सहा वर्षं तिचं सगळं मी काढलं. तिचा मान कशात आहे आणि अपमान कशात आहे हे मला तू शिकवू नकोस. तुला तिच्यासाठी दिवा लावावासा वाटतो, लाव. मला माझ्या पाळीला मेणबत्ती लावावीशी वाटते. बस तिथे, रोझरी सुरू करायची आहे."

ऑगस्टीन, जो आयुष्यभर कुणाच्या मध्ये पडला नाही, तो पुढे आला आणि त्याने पहिली मेणबत्ती लावली. क्लेमेंट रोझरीभर छातीवर हात बांधून उभा राहिला आणि चणे न घेता गेला.

प्रार्थनेनंतर इनेझने कॅमेरा लावला. पण त्या दिवशी हवा कोंदलेली. चित्रा कशीबशी दिसत होती, तिच्या खाली नुसता पिवळा चिखल. जेवणं होऊन गल्लीतले आवाज थांबले तरी आभाळ काही उघडलं नाही. टोपली रीतीप्रमाणे पुढच्या घरी गेलीच होती, आणि दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. वर्षातली एक संध्याकाळ, आणि तीही हवेने खाल्ली. इनेझ कॅमेरा पुसत बसली होती तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. एका संध्याकाळवर समाधान मानायला ती काय भीक मागत होती?

नववी पाळी तेरेसा मावशीची होती. तेरेसा मावशी सत्तरीची, गुडघ्यांनी बेजार, एकटी राहणारी, लेक कॅनडात. शेजारणीला पाळी देता येते, तशी रीत आहे. आजारपण असेल, सुतक असेल तर देतात. पण शेवटची पाळी कुणी कुणाकडून घेतल्याचं गावाला माहीत नव्हतं. इनेझ तिच्याकडे गेली तेव्हा मावशी ओसरीवर पाय पसरून तेल चोळत बसली होती.

"मावशी, तुझी पाळी मला दे."

"कशाला गो? तुझी झाली की." मावशीने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "शेवटची हाय ती. वरीसभर झाडावं लागंल. माझा तर जीव चाललाय त्या इचाराने."

"म्हणून तर मागते."

मावशी म्हातारी होती, भोळी नव्हती.

"टोपली तुझ्याकडं राहील," ती म्हणाली.

"राहील."

"टोपलीतलं सगळं तुझ्याकडं राहील."

"हो. मी लपवत नाही, मावशी. तुला वाटत असेल चूक आहे, तर नको देऊस."

मावशीने पुन्हा गुडघ्याला तेल लावायला घेतलं. "माझ्या खोलीत येतो तो उजेड," ती म्हणाली. "चादर टांगलीय खिडकीला. क्लेमेंटला सांगितलं तर म्हणाला, मावशी, आता तुला रातीलाबी सुईत दोरा ओवता येईल. म्या रातीला सुईत दोरा कशाला ओवू?" मग तेलाची वाटी उचलत, "पन इनेझ, माझ्या बहिनीची नात येते ना सुटीला. उशिरा येते ट्रेननं."

"ज्या घरची पोर उशिरा येणार, त्यांनी फोन करायचा. मी उठून लावेन. सगळ्यांसमोर सांगते हे."

"मग घे," मावशी म्हणाली.

नवव्या संध्याकाळी दिवा लागलेला होता. इनेझनेच लावला. तिने क्रूस धुतला, प्रार्थना चालवली, चणे वाटले. क्लेमेंट खूश होता. त्याला वाटलं वहिनी ताळ्यावर आल्या. त्याने चणे दोनदा घेतले. शेवटी सगळे उठायला लागले, तसं इनेझने पितळी स्टँड पुसले, घंटा ठेवली, पुस्तकं ठेवली आणि टोपली कमरेवर घेतली.

"एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "टोपली आता वर्षभर माझ्याकडे. क्रूस मी झाडीन, पितळ मी घासीन, कुणाला बोलायला जागा ठेवणार नाही. दिवा काळोख पडला की लावीन. लोक कामावरून येऊन जेवायला बसले की विझवीन. कुणी उशिरा येणार असेल तर फोन करा, माझा नंबर सगळ्यांकडे आहे. पावसापाण्याचं, आजारपणाचं काही असेल तर रात्रभर ठेवीन. पण उगाच आभाळावर मारायला तो दिवा मी जाळणार नाही."

हे क्लेमेंटच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग तो लालबुंद झाला.

"किल्ली द्या, वहिनी."

"किल्ली टोपलीत आहे."

"मग टोपलीतून द्या."

"टोपली शेवटच्या घरी राहते. ही रीत मी काढलेली नाही. आणि किल्ली टोपलीत राहील, हे तर तूच बोललास. फादरांसमोर, गावासमोर बोललास. आता गावासमोरच सांग की शब्द मागे घेतो. मी लगेच देते."

त्याने आजूबाजूला बघितलं. मंडळाचे लोक जमिनीकडे बघायला लागले. रीत मोडायला कुणी तयार नव्हतं, कारण रीत मोडली तर शेवटची पाळी पुढच्या वर्षी घ्यायला कुणाला सांगायचं? तेरेसा मावशी गुडघे धरून उठत म्हणाली, "चला गो, दव पडायला लागलं," आणि तिने मुद्दाम क्लेमेंटच्या खांद्याचा आधार घेतला. त्याला तिला घरी पोचवावंच लागलं.

सण झाला. क्लेमेंट इनेझशी बोलेनासा झाला. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. दीर होता, लग्नात तिने त्याला हाताला धरून नाचवलं होतं. पण वाईट वाटलं म्हणून किल्ली द्यावी असं तिला एकदाही वाटलं नाही. ती पहाटे क्रूस झाडायची, संध्याकाळी दिवा लावायची आणि गल्ली शांत झाली की जाऊन विझवायची. दोनदा फोन आले, दोन्ही वेळा ती गाऊनवर ओढणी टाकून दिवा लावायला गेली. येणाऱ्या पोरी वाटेवर दिसेपर्यंत ती ओट्यावर बसून राहिली. एका पोरीच्या आईने दुसऱ्या दिवशी अंडी पाठवली.

महिनाअखेर दोन दिवस समुद्रावरून जोराचा वारा सुटला. केळीची पानं फाटली, ऑगस्टीन हळहळला. पण त्या वाऱ्याने हवेतला सगळा गढूळपणा झाडून नेला. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि संध्याकाळी चित्रा काचेसारखी स्वच्छ दिसली. इनेझला जेवण गेलं नाही. तिने दिवा विझवला, कॅमेरा आणि यंत्र क्रूसाच्या ओट्याजवळ आणलं, कारण तिथून दक्षिणेला एकही झाड आड येत नाही. डोळे काळोखाला सरावेपर्यंत ती स्वस्थ बसली. मग दुर्बीण उचलली, चित्रेपासून खाली खाली आली.

तो तिथे होता. अंधुक, गोल, चिमूटभर रवा बोटावर घ्यावा एवढा. मुंबईच्या डोक्यावर, खाडीपलीकडच्या सगळ्या दिव्यांच्या वर, तरीही होताच. इनेझला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं. मग तिने कॅमेरा सुरू केला. एकामागून एक फोटो जमायला लागले. पहिल्याच फोटोत, पडद्यावरच्या राखाडीत, कडेचे तारे सुटे दिसत होते.

पाठीमागे चपलांचा आवाज आला. क्लेमेंट त्याच्या बंगल्यावरून आला होता, हातात बॅटरी. बॅटरीचा झोत वाटेवरून आला, ओट्यावरून सरकला, क्रूसावर गेला, आणि मग कॅमेऱ्यावर येऊन थांबला.

"दिवा लावा, वहिनी," तो म्हणाला. "बस झालं आता हे."

इनेझने मागे वळूनही बघितलं नाही. दारापलीकडे मालक उभा असतानाही ज्या आवाजात ती बोलायची, तोच आवाज निघाला.

"बॅटरी विझव, क्लेमेंट. उजेड येतोय."

तो उभा राहिला. मग क्लेमेंटने बॅटरी विझवली.